आयईएलटीएस रीडिंग: शब्द आणि उताऱ्यांचा सराव कसा करू? (बडोदा)

दांडियाबाजारवाली
नमस्कार मंडळी. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, बी.एस्सी. इथल्याच एम.एस. युनिव्हर्सिटीतून. पुढे मास्टर्सला बाहेर जायचंय म्हणून ॲकॅडमिक आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतेय. ऐकणं-बोलणं निभावतं, गाडी अडते ती रीडिंगला. ६० मिनिटं, ३ उतारे, ४० प्रश्न, आणि तिसरा उतारा दर वेळी अर्धाच राहतो. २२-२३ च्या वर उत्तरं बरोबर येत नाहीत. मला ७ बँड (म्हणजे श्रेणी) हवाय.

क्लासमध्ये शब्दांची जाडजूड झेरॉक्स दिलीय, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे गुजराती अर्थ. पाठ करते आणि चार दिवसांत सगळं सफाचट. परीक्षा दिवाळीनंतर द्यायचा विचार आहे. रोज दीड तास काढू शकते. काय वाचू, कसं वाचू? फार पुस्तकं विकत घेणं जमणार नाही.

मांडवीचा_वाचक
ती झेरॉक्स आधी रद्दीत घाल.

ॲकॅडमिकच्या रीडिंगमध्ये २३ ला साधारण ६ बँड मिळतो, ३० ला ७. म्हणजे तुला सातच उत्तरं वाढवायचीत, आणि ती तिसऱ्या उताऱ्यात पडून आहेत हे तूच लिहिलंयस. तुझी अडचण शब्दांची कमी, वेगाची जास्त. वेग यायचा तर सोपं आणि भरपूर वाचायला हवं. ऑक्सफर्ड बुकवर्म्स ही सोप्या इंग्रजीतल्या, पायऱ्यापायऱ्यांनी अवघड होत जाणाऱ्या गोष्टींच्या पुस्तकांची मालिका बघ. चौथ्या पायरीची पुस्तकं १४०० मूळ शब्दांत लिहिलेली असतात, पाचवीची १८००, सहावीची २५००. पाचवीपासून सुरू कर, पानोपानी अडखळायला लागलीस तर खुशाल चौथीवर ये. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे भाषाभ्यासक आहेत. त्यांच्या हिशेबाने मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असले तर कुणाच्या मदतीशिवाय नीट समजतं. पन्नास शब्दांत एक अनोळखी, बस. क्लासचे उतारे याच्या कितीतरी पलीकडचे असतात, त्यांच्यावर वेग कसा वाढेल?

पुस्तकांसाठी मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहेच. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ही सगळी व्यवस्था उभी केली. इंग्रजी विभागात जाऊन काउंटरवर मालिकेचं नाव सांग. आणि कपाटांच्या मजल्यांवरची काचेची जमीन बघायला विसरू नकोस. बडोद्यात जन्म काढलेल्या कित्येकांनी ती पाहिलेली नाही!

फतेहगंज_मास्तर
वाचकभाऊ, तुमचं निम्मं पटलं. गोष्टी वाचून वेग येईल, पण आयईएलटीएसचे उतारे गोष्टींचे नसतात. त्यात संशोधन, इतिहास, प्राणी, यंत्रं असं असतं आणि त्या लिखाणाचे आपले असे ठरावीक शब्द असतात. तेव्हा यादी हवी, फक्त योग्य हवी. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली ॲकॅडमिक वर्ड लिस्ट केली, त्यात ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत. नेटवर फुकट मिळते. तुझ्या झेरॉक्सशी ताडून बघ ताई, जे दोन्हीकडे सापडतील तेवढेच ठेव.

शब्द सुटा पाठ करायचा नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला वाचलेलं वाक्य, त्यात एक जागा रिकामी: 'द रिझल्ट्स आर ____ विथ द अर्लिअर स्टडी'. मागे 'कन्सिस्टंट'. असं केलं की शब्दाबरोबर त्याचं 'विथ'ही डोक्यात बसतं, रिकाम्या जागा भरताना नेमकं तेच लागतं. कार्डांसाठी अँकी हे ॲप वापर, अँड्रॉइडवर पैसे पडत नाहीत. आठवणीत असलेलं कार्ड ते दिवसेंदिवस लांबवतं, विसरलेलं लगेच पुढ्यात आणतं. अर्थासाठी गुजराती रकान्याऐवजी लाँगमनची विद्यार्थ्यांसाठीची डिक्शनरी घे. तिच्यातल्या व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांतच दिलेल्या असतात, म्हणजे अर्थ बघता बघताही इंग्रजी वाचून होतं. दिवसाला दहा नवीन कार्डं पुष्कळ झाली. जास्त घेतलीस तर उजळणीचा डोंगर होतो.

दांडियाबाजारवाली
खूप आभार दोघांचे. झेरॉक्स तूर्तास रद्दीत नाही, कात्रीखाली. 😄 अजून एक, ट्रू-फॉल्स-नॉट गिव्हनमध्ये (विधान उताऱ्याप्रमाणे बरोबर, चूक, की उताऱ्यात दिलेलंच नाही) माझे सगळ्यात जास्त मार्क जातात. आणि क्लासमध्ये रोज इंग्रजी अग्रलेख वाचायला सांगतात, तो वाचू का?

कारेलीबागची_सून
अग्रलेखाची घाई नको. त्यात अर्धा संदर्भ कालच्या राजकारणाचा असतो आणि वाक्यं मुद्दाम वळणं घेणारी. त्यापेक्षा बीबीसी लर्निंग इंग्लिशचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' घे, खाली लिखित संवादही असतो. मी तो आधी वाचते, मग भांडी घासताना ऐकते.

आता नॉट गिव्हन. वर लायब्ररीचा विषय निघालाच आहे, त्यावरच बघ. समज उतारा एवढाच आहे: 'ग्रंथालय १९१० मध्ये सुरू झालं. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे.'
'ग्रंथालय विसाव्या शतकात सुरू झालं': ट्रू.
'मजल्यांची जमीन लाकडी आहे': फॉल्स, कारण उतारा उलट सांगतो.
'उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून काच वापरली': इथे बडोदेकर हमखास फसतो! आपल्याला ते ठाऊक असतं म्हणून ट्रू ठोकून मोकळे. पण उताऱ्यात कारण दिलेलंच नाही, म्हणून नॉट गिव्हन. फॉल्स लिहायचं तर उलट सांगणाऱ्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. ठेवता येत नाही? मग नॉट गिव्हन.

या प्रकारात प्रश्न उताऱ्याच्या क्रमानेच येतात, त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर सापडलं की तिसऱ्यासाठी वर जाऊ नकोस. परिच्छेदांना मथळे जुळवायचे प्रश्न मात्र क्रमाने नसतात. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी ठेवायची नाही. आणि कागदावर देणार असशील तर उत्तरं थेट उत्तरपत्रिकेवरच लिही. लिसनिंगला उतरवून काढायला दहा मिनिटं जादा देतात, रीडिंगला नाही.

फतेहगंज_मास्तर
सूनबाईंनी क्लासपेक्षा बरं समजावलं. एक भर घालतो. केंब्रिजचे खरे जुने पेपर मोजकेच आहेत, ते रोज फोडू नकोस. आठवड्याला एकच, घड्याळ लावून. दुसऱ्या दिवशी घड्याळ बाजूला ठेवून तोच पेपर घे आणि प्रत्येक चुकीशेजारी कारण लिही: शब्द अडला, ओळ सापडली नाही, की वेळ संपला. दोन-तीन पेपर झाले की त्या कारणांची यादी इथेच टाक, पुढचं त्यावरून ठरवू.