देणगीदारांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र कशा कराव्यात? मदत हवी आहे (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, केळापूर आणि घाटंजी तालुक्यांच्या पट्ट्यात, आमची संस्था कोलाम व इतर आदिवासी कुटुंबांतील मुलींसाठी वसतिगृह आणि अभ्यासिका चालवते. शासकीय अनुदान नाही. किराणा, वीजबिल, अधीक्षिकांचे मानधन, पुस्तके हे सगळे देणग्यांतून भागते. मी संस्थेचे कार्यालय सांभाळते. न्यासाची नोंदणी आहे, ८०जीची (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी) मान्यता आहे, दरवर्षी लेखापरीक्षण होऊन अहवाल धर्मादाय कार्यालयात वेळेत जातो. त्यामुळे वर्षभरात किती पैसा आला हे आम्ही नेमके सांगू शकतो. मात्र तो देणाऱ्याने यापूर्वी कधी दिला होता, कोणत्या कामासाठी दिला होता आणि गेल्या वर्षी देणाऱ्यांपैकी यंदा कोण गळाले, हे विचारले तर आमच्याकडे उत्तर नाही.

नोंदी नाहीत असे नाही, त्या चार ठिकाणी आहेत. पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती कपाटात वर्षवार बांधून ठेवल्या आहेत. बँकेचे विवरण पीडीएफमध्ये येते. जुन्या सचिवांनी केलेली शुभचिंतकांची एक मोठी यादी श्रीलिपी या युनिकोडपूर्व जुन्या टंकप्रणालीत टंकलेली आहे, त्यामुळे ती आजच्या संगणकावर उघडली तरी त्यात एखादे नाव शोधता येत नाही. चौथे ठिकाण म्हणजे कार्यकर्त्यांचे मोबाइल. कोणी क्यूआर कोडवर पैसे पाठवले की त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर येतो आणि पावती दिली की तो विषय तेवढ्यावर संपतो.

अडचणीचे स्वरूप कळावे म्हणून एक स्थळप्रत जशी आहे तशी सांगते. तिच्यावर ‘पाटणबोरीचे गुरुजी, रु. ५००, हस्ते सरपंच’ एवढेच लिहिले आहे. पूर्ण नाव नाही, मोबाइल नाही. गावात त्या पावतीचा अर्थ सर्वांना कळतो, कारण पावती फाडणारा आणि देणारा एकमेकांना ओळखतात. पण तेच गुरुजी आता मुलाच्या फोनवरून यूपीआयने पैसे पाठवत असतील, तर बँकेच्या विवरणात मुलाचे अर्धवट नाव येणार, आणि आमच्या दृष्टीने जुना देणगीदार बंद होऊन नवा देणगीदार सुरू झाला असे दिसणार. वानखडे आणि वानखेडे ही एकाच घराची दोन रूपे आहेत की दोन वेगळी घरे, हेही कागदावरून ठरत नाही. राठोड, चव्हाण, आडे ही आडनावे तर एकेका तांड्यावर अनेक घरांची आहेत. लग्नानंतर मुलींचे नाव बदलते आणि माहेरच्या नावाने मनापासून देणगी देणारी मुलगी पुढच्या वर्षी आमच्या यादीतून नाहीशी होते.

या गोंधळाचा सर्वांत वाईट परिणाम पैशाचा नाही. आई-वडिलांच्या स्मरणार्थ दरवर्षी एक दिवसाचे जेवण देणारी काही कुटुंबे आहेत. त्यांना त्या तिथीच्या आधी संस्थेकडून एक फोन जायला हवा, हे माझ्या मते आमचे कर्तव्य आहे. तिथीची नोंद एका कार्यकर्त्याच्या डायरीत आणि पत्ता दुसऱ्या वहीत असल्यामुळे तो फोन जात नाही, आणि काही घरी तर निधन पावलेल्या व्यक्तीच्याच नावाने आवाहनपत्र जाते.

पॅन असलेल्या देणगीदारांपुरती थोडी शिस्त आली आहे, कारण २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून १०बीडी हे देणग्यांचे विवरण आयकर विभागाकडे ३१ मेपर्यंत भरावे लागते आणि त्यावरून देणगीदाराला १०बीई हे देणगीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पण आमच्याकडचे बहुसंख्य देणारे हे शंभर, दोनशे, पाचशे रुपये देणारे शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि मजूर आहेत. त्यांना करसवलत नको असते, म्हणून त्यांची माहिती कोणी मागितलीच नाही.

म्हणून विचारते. एकच व्यक्ती ओळखायची कशी, मोबाइल क्रमांकावरून, पॅनवरून की गाव आणि नाव यांवरून? महागडे सॉफ्टवेअर न घेता एक्सेलमध्ये हे निभेल का? आणि अशी नोंद तयार झाल्यावर तिचा देणग्या वाढवण्यासाठी प्रत्यक्ष उपयोग आपण कसा केला? ज्यांनी ग्रामीण भागात हे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद (अमरावती जिल्हा, संस्थेचे लेखाकाम पाहतो)

ताई, आपल्याकडे आज जे आहे ते पावत्यांचे दप्तर आहे, माणसांचे नाही. पावतीची नोंद लेखापरीक्षकासाठी असते आणि ती तशीच राहू द्यावी. तिच्या शेजारी माणसांची नोंद नव्याने उभी करावी लागेल, आणि त्यासाठी एक्सेल पुरेसे आहे.

दोन पाने करा. पहिल्या पानावर एका देणगीदाराची एकच ओळ आणि त्याला एक कायमचा क्रमांक. दुसऱ्या पानावर प्रत्येक देणगीची एक ओळ: तारीख, रक्कम, पावती क्रमांक, रोख की यूपीआय की धनादेश, कोणत्या कामासाठी, आणि तो देणगीदार क्रमांक. नाव बदलेल, मोबाइल बदलेल, गाव सुटेल. क्रमांक बदलत नाही. पहिल्या पानावर ‘इतर नावे’ असा रकाना जरूर ठेवा. वानखडे, वानखेडे, माहेरचे नाव, ‘गुरुजी’, यूपीआयवर दिसणारे मुलाचे नाव, सगळे तिथे लिहा, म्हणजे पुढच्या वेळी शोधताना तोच माणूस सापडेल. घराला वेगळा कुटुंब क्रमांक द्या, कारण आपल्याकडे एकाच मोबाइलवर सासू, सून आणि मुलगा असे तिघे देणगीदार असतात. केवळ मोबाइलवरून नावे एकत्र केली तर तीन माणसांचा एक माणूस होतो. माझा नियम असा आहे की मोबाइल, पॅन, गावासह पूर्ण नाव यांपैकी दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन ओळी एक करायच्या नाहीत. शंका असेल तर वेगळ्या राहू द्या. चुकून वेगळ्या राहिलेल्या ओळी नंतर जोडता येतात. चुकून जोडलेल्या ओळी सोडवणे फार कठीण जाते.

सगळी कपाटे एकदम उपसू नका. मागील तीन आर्थिक वर्षे आधी भरा, कारण पुन्हा देण्याची शक्यता त्यांच्यातच अधिक असते. मोबाइल, पॅन आणि यूपीआयचा संदर्भ क्रमांक यांचे रकाने भरण्यापूर्वीच टेक्स्ट प्रकारात बदलून घ्या. तसे न केल्यास बारा अंकी संदर्भ क्रमांक एक्सेल आखडून दाखवते आणि पंधरा अंकांच्या पुढचे अंक तर शून्य करून टाकते. मग बँकेशी ताळा लागत नाही.

पॅन लिहिताना एका अक्षराची चूक झाली तरी देणगीदाराची वजावट अडकते, कारण आयकर विभाग आपल्या विवरणाशी ती ताडून पाहतो. पॅन असेल तर आधारची प्रत मागून ठेवू नये. जी माहिती लागत नाही ती जपण्याची जबाबदारी विनाकारण अंगावर येते. रोख २,००० रुपयांहून अधिक असेल तर ८०जीची सवलत मिळत नाही, तसेच धान्य किंवा वस्तूंनाही मिळत नाही, हे पावती देतानाच नम्रपणे सांगावे. लहान देणाऱ्यांचे नाव आणि पत्ता घेण्याचे कारण केवळ सवलत नाही. देणाऱ्याची ओळख नोंदलेली नसेल तर ती देणगी निनावी धरली जाते, आणि अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतील जी रक्कम मोठी तिच्या पुढे गेल्या की वरच्या भागावर ३० टक्के कर आहे. हे सर्व १९६१ च्या कायद्यानुसार सांगितले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या देणग्यांना २०२५ चा नवा आयकर कायदा आहे आणि त्यात कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक बदलतात, तेव्हा आपल्या सीएंना विचारूनच पावतीवरील मजकूर छापावा.

प्रतिसाद (भंडारा जिल्हा)

वरील उत्तर योग्य आहे. त्यात दोन रकाने वाढवावेत, असे सुचवते.

पहिला ‘हस्ते’. आपल्या स्थळप्रतीवर तो आहेच, तो टाकून देऊ नका. खेड्यात माणूस बहुधा संस्थेला नव्हे, तर सांगणाऱ्या माणसाच्या शब्दाला देतो. कोणाच्या हस्ते आलेले देणगीदार टिकतात आणि एखादा कार्यकर्ता थांबला की कोणती गावे थांबतात, हे त्या रकान्यावरूनच समजते.

दुसरा, ‘हाती पैसा कधी येतो’. आमच्याकडे धानाचा हंगाम निघाल्यावर देणारे अधिक. आपल्या भागात सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, कापूस त्यानंतर वेचणीप्रमाणे आणि तूर जानेवारी-फेब्रुवारीत. शेतकऱ्याला जूनमध्ये, बी-बियाण्यांच्या ओढाताणीत, आवाहनपत्र पाठवणे मला अन्यायाचे वाटते. त्या काळात केवळ कामाची माहिती कळवावी, मागणी करू नये. नोकरदारांसाठी मार्च हा ठरलेला महिना होता. परंतु नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट नसल्यामुळे त्यांना आता केवळ सवलतीच्या नावाने पत्र लिहून चालत नाही, कोणत्या कामाला पैसा लागला ते सांगावे लागते. म्हणूनच ‘कोणत्या कामासाठी’ हा रकाना रिकामा राहू देऊ नका. ज्यांनी पुस्तकांसाठी दिले त्यांना अभ्यासिकेचे वृत्त कळवा. मुलींची छायाचित्रे आणि नावे मात्र त्यात नसावीत.

दरवर्षी एकच गोष्ट मोजा: गेल्या वर्षी देणाऱ्यांपैकी किती जणांनी यंदा पुन्हा दिले. जे राहिले त्यांची गाववार यादी काढा आणि मागणी न करता त्यांची विचारपूस करा. कोणाकडे आजारपण निघते, कोणाची नापिकी, तर कोणाला मागची पावतीच मिळालेली नसते.

धागाकर्ती

आपण दोघांनीही वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. दोन पानांची रचना विश्वस्तांपुढे ठेवली आणि ती मान्य झाली. दर गावासाठी तिथल्या कार्यकर्त्याला स्थळप्रतींची यादी देऊन नाव, मोबाइल आणि ‘हस्ते’ पूर्ण करून घेण्याचे ठरले आहे. ही माहिती कशासाठी हवी आहे आणि ती बाहेर कोणाला दिली जाणार नाही, हे त्यांनी घरोघरी सांगायचे आहे. स्मरणार्थ देणाऱ्या कुटुंबांच्या तिथी मी स्वतः भरणार आहे. पत्र ज्याच्या नावे जायचे ती हयात व्यक्ती आणि ज्यांच्या स्मरणार्थ देणगी येते ती व्यक्ती, असे दोन रकाने त्यासाठी वेगळे केले आहेत.

आता दोन प्रश्न उरतात. पांढरकवड्याचे मूळ रहिवासी असलेले आणि सध्या परदेशात राहणारे काही जण देणगी देऊ इच्छितात. आमच्याकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी, नोंदणी नाही. भारतीय पारपत्र असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही, पण ज्याने तिथले नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी आम्हाला घेता येत नाही, एवढे मला माहीत आहे. यासाठी पहिल्या पानावर नागरिकत्वाचा रकाना घातला आहे. देणगीदाराला न दुखावता हे विचारण्याचा मजकूर कोणी तयार केला असल्यास कृपया द्यावा. दुसरे म्हणजे श्रीलिपीतील ती यादी युनिकोडमध्ये बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. ती ओळीओळीने तपासण्यापेक्षा नव्याने टंकून घेणे सोयीचे पडते का, हे ज्यांनी केले आहे त्यांनी सांगावे.

वणी, पांढरकवडा किंवा घाटंजी परिसरातील कोणाकडे अशी दोन पानांची फाइल वापरात असेल, तर नावे काढून केवळ रकान्यांचा नमुना इथे दिल्यास फार उपकार होतील.