१९९९ ची जिप्सी किंग, बागेची चढण आणि ४० हजारांचं बजेट: आधी काय करून घेऊ?

बागवाला_राजापूर
नमस्कार मंडळी. काकांची १९९९ ची मारुती जिप्सी किंग आता माझ्याकडे आलीय. कार्ब्युरेटरवाली, सॉफ्ट टॉप. राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. डांबरी सुटली की मधे एक पऱ्या (ओढा), मग जांभ्याची खडी चढण आणि वर सगळी लाल माती. उन्हाळ्यात काही प्रश्न नाही. पावसाळ्यात मात्र खताच्या गोणी आणि दोन गडी घेऊन वर जायचं म्हणजे परीक्षाच.

त्रास तीन आहेत. चढणीवर गाडी तिरकी झाली की फोर बाय फोर टाकलेलं असूनही पुढचं एक आणि मागचं एक चाक जागेवर फिरत बसतं. पऱ्यातून बाहेर आलं की इंजिन मिसिंग करतं. आणि हायवेला साठच्या आसपास स्टिअरिंग जोरात थरथरतं. टायर कंपनीच्या मापाचेच आहेत, २०५/७० आर १५, पण पार गुळगुळीत झालेत.

गॅरेजवाला म्हणतोय लांब शॅकल (सस्पेन्शनचे पाटे चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकून गाडी दोन इंच लिफ्ट करू आणि ३१ इंची टायर चढवू. शिवाय विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी चरखी) घ्यायची का, हाही विचार चालू आहे. बजेट ४० हजार, ताणून ४५.

पाटा_कोल्हापूर
लिफ्ट आणि ३१ चे टायर आत्ता डोक्यातून काढून टाका. कारण सांगतो. जिप्सीच्या ट्रान्स्फर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा, हाय-लो बदलणारा गिअरबॉक्स) हाय रेशो १.४०९ आणि लो २.२६८. म्हणजे लो टाकल्यावर जोर जेमतेम १.६ पट होतो. बऱ्याच जीपमध्ये तो दुप्पट-अडीचपट होतो. तुमच्या आत्ताच्या टायरची उंची साधारण ६६८ मिमी भरते, ३१ इंची म्हणजे ७८७. टायर १८ टक्के उंच झाला म्हणजे चाकावरचा जोर साधारण १५ टक्क्यांनी उतरला. गाडीत १३०० सीसीचं ६० एचपीचं इंजिन, मागे गोणी, समोर चढण. क्लच किती दिवस टिकेल? शिवाय पुढे लांब शॅकल टाकलं की अॅक्सल फिरतो आणि कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. आत्ता साठला थरथरणारं स्टिअरिंग मग चाळीसलाच सुरू होईल.

पैसे टायरवर घाला. २१५/७५ आर १५ मध्ये चांगला ऑल-टेरेन किंवा मड टायर घ्या. उंची ५ टक्केच वाढते, कुठे घासत नाही. तुमच्याकडे वर चिखल आणि खाली कडक जांभा, तिथे अरुंद टायर चिखल कापून खालचा जांभा धरतो. रुंद टायर वरच्या वर तरंगतो. गाडी टनाच्या आसपासची, त्यामुळे चढणीआधी हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली तरी चालते. मात्र तेवढ्या हवेवर सावकाश जायचं आणि डांबरीला लागायच्या आधी भरून घ्यायची. बॅटरीला क्लिप लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या. लायटरच्या सॉकेटवाले दोन चाकं भरेपर्यंत फ्यूज उडवतात.

आता स्टिअरिंग. पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. खेळ लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनचं (चाक ज्या खिळीवर डावी-उजवीकडे वळतं ती) बेअरिंग. थरथर बहुतेक इथूनच निघते, टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे सांधे) आणि बॅलन्सिंग त्यानंतर बघा. किंगपिन खोलाल तेव्हा अॅक्सलचं आतलं ऑइल सील बदलून टाकाच. ते गळलं की डिफरन्शियलचं (अॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना जोर वाटणारा गिअर) तेल नकलमध्ये (चाक वळवणाऱ्या गोल घरात) येतं, आतलं ग्रीस धुऊन नेतं, आणि सीव्ही जॉइंट (वळतानाही चाकाला जोर देणारा सांधा) कोरडा पडून झिजतो. सील स्वस्त आहे, जॉइंट नाही.

पऱ्याचं म्हणाल तर डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) कॅप काढून बघा. आत बारीक तडे किंवा हिरवट थर दिसला तर कॅप, रोटर आणि प्लगच्या वायरी एकदम बदला. पाण्यात शिरण्याआधी ग्रिलसमोर ताडपत्रीचा तुकडा बांधा, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनवर उडवतो. पलीकडे गेलं की लगेच काढा.

आणखी एक काम, जवळपास फुकटातलं. चालून गरम झालेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दोन्ही डिफरन्शियलच्या ब्रीदरला (हवा जायच्या-यायच्या तोटीला) पेट्रोलचा पाइप जोडून टोक वर न्या, पुढचं इंजिनखान्यात, मागचं बॉडीच्या आत. त्याआधी खालचा नट ढिला करून तेल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलेलं आहे, तेल बदला.

पाटे खोलून गंज घासा, मधे ग्राफाइट ग्रीस लावा, शॅकलचे बुश नवे टाका. पाटे मोकळे हलायला लागले की चाक जमीन सोडत नाही, आणि तुमचा पहिला त्रास निम्मा तिथेच मिटतो. चाक फिरायला लागलंच तर अॅक्सिलरेटर हलका ठेवून डाव्या पायाने ब्रेक किंचित दाबा. फिरणारं चाक अडतं आणि थोडा जोर पलीकडच्या चाकाला जातो. दोन्ही चाकं कायम एकत्र फिरावीत म्हणून डिफरन्शियल वेल्ड करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, घाटातल्या ओल्या वळणावर ती गाडी सरळ जाते.

घाटवाट
पाटा यांच्याशी सहमत. विंचबद्दल माझं मत: ४० हजारांत विंच बसवली तर टायरला काही उरणार नाही. त्यापेक्षा चेसिसला बोल्ट केलेले दणकट हुक, पुढे एक मागे एक, गाडी ओढायचा चांगला पट्टा, तो हुकाला अडकवायला दोन डी-शॅकल (लोखंडी कड्या, पाट्यांच्या शॅकल नव्हेत) आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या. बंपरला किंवा टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) पट्टा लावून ओढू नका, तुटलेला तुकडा माणसाचा जीव घेतो.

कागदाचंही बघा. गाडी १५ वर्षांच्या वर गेलीय, दर ५ वर्षांनी पासिंग आहे. मूळ रचनेत बदल करता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. लिफ्ट केलेली गाडी आरटीओत अडकली तर बाग राहील बाजूला.

बागवाला_राजापूर
काल चाक उचलून बघितलं. डावीकडे ब्रेक दाबूनही खेळ आहे, उजवं घट्ट आहे. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळपट तेलही ओघळलंय. फक्त डावीकडचंच करून घेऊ का?

पाटा_कोल्हापूर
ओघळलंय म्हणजे सील गेलंच. बेअरिंग आणि सील दोन्ही बाजूंची बदला, उजवी बाजूही तेवढ्याच वयाची आहे. शिम (बेअरिंग किती आवळायचं ते ठरवणाऱ्या पातळ चकत्या) अंदाजाने घालू देऊ नका. बाहेरचं सील लावायच्या आधी नकलच्या टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढायचा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचं. सैल राहिलं तर थरथर परत येते, जास्त आवळलं तर वळणानंतर स्टिअरिंग सरळ येत नाही. मेकॅनिककडे काटा नसेल तर बाजारातून साधा मासे तोलायचा घेऊन जा आणि समोर उभं राहून करून घ्या. टायर त्यानंतरच चढवा, नाहीतर या थरथरीत नवे टायर वेडेवाकडे झिजतील.