मावशीला फेज वन ट्रायल सुचवली आहे, सही करण्यापूर्वी काय विचारावं?

नमस्कार. माझी मावशी ६१ वर्षांची, सांगलीला असते. स्तनाचा कर्करोग, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त), आता यकृतात आणि मणक्यात पसरलाय. आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब (हर-टूवरची अँटिबॉडी), मग टी-डीएम-वन (त्याच अँटिबॉडीला केमोचं औषध जोडलेलं) झालं. दोन्हींनी काही काळ आजार आटोक्यात राहिला, पण ताज्या पेट स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या दिसल्या. मुंबईच्या डॉक्टरांनी आता एका नव्या अँटिबॉडीची ट्रायल सुचवली आहे. ही अँटिबॉडी पेशीवरच्या हर-टूला चिकटते, पेशी तिला आत ओढून घेते आणि तिला जोडलेलं केमोचं औषध तिथे सुटतं.

संमतीपत्र मराठीत आहे, नीट वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की ट्रायलचा मुख्य हेतू माणसाला किती डोस सोसतो हे पाहण्याचा आहे. एका डोसला तीन रुग्ण. पहिल्या २१ दिवसांत कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वाढीव डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला तर डोस वाढवणं थांबतं. म्हणजे मावशीला कोणता डोस मिळेल हे तिच्या तब्येतीवर नाही, तिचा नंबर कधी लागतो त्यावर ठरणार.

मावसभाऊ म्हणतो, नवं औषध आहे, संधी सोडायची नाही. काका म्हणतात, तिच्यावर प्रयोग नकोत. मावशीला मात्र सगळ्यांनी एवढंच सांगितलंय की "मुंबईचं नवीन इंजेक्शन आहे, बरं वाटेल". हे मला फार खुपतं. सही तिची आहे, अंग तिचं आहे. तिला खरं सांगायचं, पण तिची उमेद न मोडता. कसं सांगू? आणि अशा ट्रायलमधून खरंच कितीजणांना फायदा होतो?

प्रतिसाद १

मी ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. आकडाच हवा असेल तर अमेरिकेत १९९१ ते २००२ मधल्या ४६० फेज वन कॅन्सर ट्रायल्सचा एकत्रित अभ्यास झाला होता, जवळपास १२,००० रुग्णांचा. गाठ लक्षणीय कमी झाली सुमारे १०.६ टक्के रुग्णांत, आणि औषधाच्या दुष्परिणामामुळे मृत्यू ०.४९ टक्के. आकडे जुने आहेत, तेव्हा अशी नेमकी औषधंही फारशी नव्हती, पण अंदाज येतो.

सगळ्यात आधी विचारा की नेहमीच्या उपचारांपैकी काही शिल्लक आहे का. टी-डीएम-वननंतर ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन दिलं का? तेही हर-टूला चिकटून केमो आत सोडणारं, पण मान्यता मिळालेलं औषध आहे. दिलं नसेल तर का नाही, हे डॉक्टरांकडून स्पष्ट ऐका.

मग आधीच्या डोसवरच्या रुग्णांना काय त्रास झाला ते विचारा, ते सांगायला हवं. अँटिबॉडीच्या सलाईनच्या वेळी थंडी वाजून ताप येणं, रक्तदाब उतरणं हे माहीत असलेले त्रास आहेत. या प्रकारच्या काही औषधांत फुप्फुसाला सूज येते, म्हणून कोरडा खोकला किंवा धाप लागली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, लगेच फोन. तो नंबर रात्री कोण उचलतो हेही आत्ताच विचारून ठेवा.

काकांची भीती रास्त आहे. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ या अँटिबॉडीच्या पहिल्या मानवी चाचणीत सहा निरोगी तरुणांचे अवयव निकामी व्हायची वेळ आली होती. त्यानंतर पहिला डोस फार कमी ठेवणं आणि रुग्णांना एकदम न देता अंतराने देणं यावर जोर आला. आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद आहे. ट्रायलमधून कधीही, कारण न देता, बाहेर पडता येतं. हे मावशींना स्वतःला सांगा, घरच्यांना नाही.

धागाकर्ती

खूप आभार. डेरक्स्टेकॅनचं नाव डॉक्टरांनी घेतलं होतं, पण किंमत ऐकून विषय तिथेच थांबला. मावशीसमोर ते नाव निघालंच नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय. आधी तिच्यापाशी बसून दोन्ही वाटा सांगते, मग डॉक्टरांची वेळ घेते, या वेळी तिला घेऊन.

आधी डेरक्स्टेकॅन घेतलं तर पुढे अशा ट्रायलमध्ये घेतात का? आणि त्यासाठी मदत करणाऱ्या ट्रस्टचा किंवा कंपनीच्या सवलत योजनेचा कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.