आन्द्रेआ: बाई की बुवा?

चाकणची_खरेदीवाली
आमच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरणारं इटालियन मशीन आहे. सुटे भाग बोलोन्याहून येतात. तिथल्या 'आन्द्रेआ'शी गेले चार महिने माझा मेलवर पत्रव्यवहार चालू आहे, इंग्रजीत. प्रत्येक मेल मी 'डिअर मॅडम' म्हणून सुरू केली. 8 मार्चला फुलांचं चित्रसुद्धा पाठवलं. 'थँक यू' आलं.
काल पहिल्यांदा व्हिडिओ कॉल झाला. पडद्यावर हा एवढी दाढी असलेला बाप्या! मला वाटलं बाईंचे साहेब असतील, म्हणून विचारलं, 'मॅडम कधी येणार?' आमचे साहेब टेबलाखालून मला पाय मारत होते.
माझ्या शाळेत एक अँड्रिया होती, ती तर मुलगीच होती. मग हे नाव नक्की कोणाचं? आणि आता पुढची मेल कुठल्या तोंडाने लिहू?

बोलोन्याचा_बाळू
ताई, आधी हसून घेतलं. तेरा वर्षं इथे आहे, मीही या खड्ड्यात पडलोय.
इटलीत आन्द्रेआ म्हणजे पुरुषच, असं धरून चाला. फुटबॉलवाला पिर्लो, गायक बोचेल्ली, सोळाव्या शतकातला वास्तुविशारद पाल्लादिओ, सगळे आन्द्रेआ. माझ्या सतरा जणांच्या कचेरीत तिघे आहेत. एकाला हाक मारली की तीन माना वळतात. हाक मारताना जोर 'द्रे'वर द्यायचा, आन्द्रेआ. तुमच्या वर्गातली अँड्रिया इंग्रजी वळणाची. जर्मनीत आणि स्पेनमध्येही आन्द्रेआ बाईच असते. तिथले पुरुष अनुक्रमे आन्द्रेआस आणि आन्द्रेस.
घोळ शेवटच्या 'आ'चा आहे. इटालियनमध्ये साधारण 'ओ'कारान्त पुरुष, 'आ'कारान्त बाई: मारिओ, मारिआ. पण हे नाव ग्रीक 'आन्द्रेआस'वरून आलं. वाटेत शेवटचा 'स' गळला आणि 'आ' उघडा पडला. लुकास, मत्तियास, एलियास यांचंही तेच झालं. म्हणून लुका, मात्तिआ, एलिआ हे सगळे इथे बाप्ये. निकोला पण.
आणि आपण कोणत्या तोंडाने हसायचं? दत्ता, कृष्णा, बाळा आपल्याकडेच आहेत ना? माझ्या वडिलांना घरात सगळे अण्णा म्हणतात. मी फोनवर 'अण्णा, अण्णा' करायचो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर्षभराने प्रेमाने विचारलं, 'ही आन्ना कोण? बहीण का?' आन्ना इथे पक्कं बायकी नाव.
मुलीचं नाव आन्द्रेआ ठेवायला इथे बराच काळ अडचण होती, कारण नाव बाळाच्या लिंगाशी जुळलं पाहिजे असा नियम आहे. तो 2000 सालच्या नागरी नोंदणीच्या नियमांत लिहिलेला आहे. (त्याच नियमांत आणखी एक गंमत: जिवंत वडिलांचं किंवा भावंडाचं नाव बाळाला देता येत नाही.) शेवटी 2012 मध्ये इथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मुलीलाही आन्द्रेआ चालेल असा निकाल दिला. तरी मला अजून एकही भेटलेली नाही.
सरकार मात्र गोंधळत नाही. प्रत्येकाला सोळा अक्षरांचा करक्रमांक मिळतो, त्यात जन्मतारीख असते, आणि बाईची असेल तर तारखेत 40 मिळवतात. माझ्या बायकोचा जन्म 7 तारखेचा, कार्डावर 47. पहिल्या दिवशी ती भडकली, 'माझं वय वाढवून छापलंय!'
मेलपुरतं सांगायचं तर सहीकडे बघा. 'दोत्त.' (पदवीधराची उपाधी) असेल तर बुवा, 'दोत्त.स्सा' असेल तर बाई. नुसतं 'इंग.' म्हणजे इंजिनिअर, त्यावरून काही कळत नाही. तो इटालियनमध्ये लिहीत असता तर पहिल्याच मेलला सापडला असता: पुरुष 'सोनो आर्रिवातो' म्हणतो, बाई 'आर्रिवाता'. आपलं आलो-आले तसंच. इंग्रजीने घात केला.

निवृत्त_संस्कृतवाला
बाळूंनी ग्रीकपर्यंत आणून सोडलं, एक पायरी राहिली. ग्रीक 'आनेर', षष्ठीत 'आन्द्रोस', म्हणजे पुरुष. तो शब्द आणि आपला 'नृ', 'नर' एकाच मुळातले. म्हणजे ताईंनी चार महिने चक्क 'नर' या नावाला मॅडम म्हटलं.

वसईची_रेषा
मूळ येशूच्या बारा शिष्यांतल्या संत आंद्रेयाचं नाव. वांद्र्याला हिल रोडवरचं सेंट अँड्र्यूज चर्च त्याचंच. सण 30 नोव्हेंबरला.

बोलोन्याचा_बाळू
हो की, विसरलो! त्या दिवशी आमचे तिघेही सकाळी क्रोइसाँ वाटतात. इथे वाढदिवसासारखाच नावाचा दिवस असतो, 'ओनोमास्तिको'. खाली आमाल्फीत तर मोठी जत्रा. त्याच्या अस्थी तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत, आणि मूर्ती खांद्यावर घेऊन लोक पायऱ्या धावत चढतात. ताई, 30 नोव्हेंबरला दोन ओळी टाका. 8 मार्चची भरपाई होईल.

चाकणची_खरेदीवाली
सगळ्यांचे आभार. आज धीर करून 'बोन्जोर्नो आन्द्रेआ' लिहिलं आणि सरळ कबूल केलं. अर्ध्या तासात उत्तर आलं. तो म्हणतो, मॅडमची त्याला सवय आहे, परदेशातून निम्म्या मेल तशाच येतात. काल कॉलवर आपणच जास्त दचकलो, असंही लिहिलंय. मग मी जुन्या मेल उघडल्या. चारही महिने त्याने मला 'मिस्टर किरण' लिहिलंय, आणि मी टायपिंगची चूक समजून सोडून दिलं होतं.
ऑइल सील मात्र अजून आलेलं नाही.