अ‍ॅप चांगलं, म्हणून बँक चांगली?

दापोलीकर: आमच्याकडे बँकेचा विषय निघाला की खासगी बँकेच्या अ‍ॅपचं कौतुक आणि सरकारी बँकेच्या रांगेला शिव्या. मला हे मोजमापच चुकीचं वाटतं. बँक कळते पैसे अडकल्यावर. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून रक्कम वजा झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ५ दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये, तेही ग्राहकाने न मागता. नियम सरकारी, खासगी, सहकारी सगळ्यांना एकच. तो कोण पाळतं ते विचारा.

हर्णै बंदर: दादा, पैसे रोज अडकत नाहीत, रोज येतात. मासळीचा लिलाव संध्याकाळी, रविवारीही. डिसेंबर २०१९ आधी एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवणं, सुट्टीच्या दिवशी बंद असायचं, आता चोवीस तास चालतं. आमच्या बायका टोपलीपुढे क्यूआर ठेवून बसतात. त्यांना अ‍ॅप हीच सेवा.

दापोलीकर: ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा वीज गेली, टॉवर गेले. अ‍ॅप कुणाचं चाललं?

हर्णै बंदर: आणि शाखा? तीही लाइनवरच चालते. काउंटरवर "कनेक्टिव्हिटी नाही" ऐकून परत फिरलेली माणसं इथे कमी नाहीत.

गुहागरची लेक: तुम्ही दोघं म्हाताऱ्यांना विसरलात. मुलगा मुंबईत, घरी आई एकटी, हातात स्मार्टफोन. ओटीपी तिनेच भामट्याला सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तिचंच, असं २०१७ चा नियम सांगतो. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावत बसायचं. पण शाखेत ओळखीचा अधिकारी असेल तर तो विचारतो, "मावशी, एवढी एफडी आज का मोडताय?" हा एक प्रश्न आयुष्याची पुंजी वाचवतो. असा प्रश्न विचारणारं अ‍ॅप मी तरी पाहिलेलं नाही.

हर्णै बंदर: ताई, तो अधिकारी बदलून जातो. नवा येतो, त्याला धड मराठी येत नाही. मग?

गुहागरची लेक: म्हणूनच आईचं खातं सहकारी बँकेत आहे. माणसं गावातलीच, बदली झाली तरी तालुक्यातच.

दापोलीकर: ठेवा, पण ओळखीवर सगळी रक्कम ठेवू नका. ठेव विमा एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंतच, व्याज धरून. आणि पाटी नीट वाचा. पतसंस्था असेल तर हा विमा लागूच नाही.