हाताने केलेलं लाकडी धनुष्य स्वस्तात कसं सजवायचं? रंग तडकतोय, टिकल्या गळतायत

चिंचेचा_पार:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ दोन वर्षं झाली घरच्या घरी धनुष्यं बनवतोय, धामणीच्या लाकडाची (कावडीचा दांडा करतात ना तीच धामण). खेळण्यातली नाहीत, खरी बाण सुटणारी, पण हलक्या ताणाची, भाच्यांना आणि वाडीतल्या पोरांना शिकवायला. आता दसऱ्याला सहा धनुष्यं द्यायची आहेत आणि ती नुसती पॉलिश मारलेली न देता छान सजवून द्यावी असं मनात आहे. गेल्या वेळी एकाला लाल ऑइलपेंट दिला आणि वर सोनेरी टिकल्या, छोटे आरसे वगैरे फेविकॉलने चिकटवले, दिसत होतं अगदी देखणं, पण पोराने दहा-बारा बाण मारले आणि आरसे टपटप खाली, रंगाला पण आडव्या चिरा. खूप वाईट वाटलं हो, आठवडाभराची मेहनत होती. एका धनुष्यामागे शंभर-सव्वाशेच्या वर खर्च नको आहे. काय लावावं, कुठे लावावं, कोणी असं केलं असेल तर सांगा प्लीज.

रानवाट:
दादा तुमचा फेविकॉल बरोबर होता, जागा चुकली. धनुष्य वाकतं तेव्हा पाठ, म्हणजे समोरच्याला दिसते ती बाजू, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू म्हणजे पोट दाबलं जातं. आरसा काही ताणत नाही, मग तो सुटणारच. जाड रंगाचं पण तेच, वरचा थर कडक झाला की लाकूड वाकतं आणि रंग वाकत नाही म्हणून आडवी चीर. त्यामुळे मी सरळ तीन भाग धरतो. मूठ वाकत नाही, तिथे हवं ते करा, दोरा, चामडं, मणी, आरसे सगळं. मुठीच्या वर-खाली जी पाती वाकतात तिथे फक्त पातळ आणि लवचीक गोष्टी, म्हणजे पातळ रंग, दोरा, कापड. आणि टोकं शक्य तितकी हलकी ठेवायची, कारण बाण सुटताना सगळ्यात जोरात टोकंच पळतात, तिथे घुंगरू नाहीतर मणी बांधले की बाण मंद जातो आणि हाताला झटका बसतो.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, पाठीवर कोरीव काम, खिळे, टाचण्या अजिबात नको. पाठीवरचा लाकडाचा तंतू कापला गेला की तिथूनच धनुष्य मोडायला सुरुवात होते आणि ते पोराच्या तोंडापुढे मोडतं. कोरायचंच असेल तर मुठीवर कोरा, तेही वरवर.

सुईदोरा:
रानवाट यांनी छान सांगितलंय, मी सामानाचं सांगते. ताई-दादा जे कोणी असाल, पोळ्याच्या बाजारातून सामान घ्या! बैलांचे गोंडे, त्यांच्या कपाळावर बांधतात त्या मथाट्यांची लोकर, बेगड, रंगीत सुती दोऱ्या, इतके सुंदर रंग असतात आणि पोळा झाला की उरलेला माल दुकानदार निम्म्या किमतीत देतात, दसरा त्याच्यानंतरच येतो म्हणजे तुम्हाला वेळेवर मिळेल. पुण्यात असाल तर बोहरी आळी आहेच.

मुठीला मी क्रोशाचा जाड सुती दोरा गुंडाळते. आधी दोऱ्याचा एक लांब फास करून तो लाकडावर आडवा न ठेवता उभा ठेवायचा, त्याच्यावरून घट्ट जवळजवळ वेढे घेत जायचं, शेवटचं टोक त्या फासात घालायचं आणि फासाचं दुसरं टोक ओढलं की सगळं वेढ्यांच्या आत जातं, गाठ दिसतच नाही. दोन-तीन रंगांचे पट्टे केले तर जुन्या लुगड्याच्या काठासारखं दिसतं. वरून फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात फिरवला की वर्षभर हलत नाही. क्रिकेटच्या बॅटला बांधणी करतात ना, तसंच.

लोकरीचा एक खास उपयोग सांगते. प्रत्यंचेवर, दोन्ही टोकांपासून साधारण वीतभर आत, लोकरीचा छोटा पुंजका बांधा. दिसतो गोंड्यासारखा आणि दोरीचा टणत्कार बराच कमी होतो, मुलं घराजवळ खेळत असतील तर शेजारी दुवा देतील.

चिंचेचा_पार:
ताई हे लोकरीचं माहीतच नव्हतं, आजच करून बघतो. (दादाच आहे मी.) रंगाचं काय करू मग? आमच्याकडे चपडा (लाखेचं पॉलिश) आहे भिजवलेला, स्पिरिटमधला, आणि पोरांचे पोस्टर कलर.

रानवाट:
पोस्टर कलर नको, घामाच्या हाताने पुसला जातो. साधे अ‍ॅक्रेलिकचे छोटे डबे घ्या. क्रम असा ठेवा, बारीक पॉलिश पेपर, मग चपड्याचे दोन पातळ हात, तो सुकला की त्यावर अ‍ॅक्रेलिकने पातळ चित्र. रंगावर परत चपडा ब्रशने घासू नका, त्यातल्या स्पिरिटने अ‍ॅक्रेलिक मऊ पडतो आणि पसरतो, माझं एक अख्खं धनुष्य असं चिखल झालंय. वरून संरक्षण हवं तर पाण्यात मिसळणारं वॉर्निश, एकच पातळ हात. आणि पूर्ण पातं रंगाने भरून टाकण्यापेक्षा लाकूड दिसू द्या, धामणीचा स्वतःचा रंग इतका सुंदर असतो.

तारपा_वाजतो:
मी डहाणूकडची. पात्याची रुंदी इंच-सव्वा इंच असेल ना, त्यावर वारली फार छान बसते, कारण ती सगळी त्रिकोण, गोल आणि रेघ, थोडा रंग, पातळ रेषा, तडकायला काही जाड थरच नाही. भिंतीवर आमच्याकडे गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग देतात, पण तो धनुष्यावर टिकणार नाही, तिथे पांढरा अ‍ॅक्रेलिकच घ्या, आणि खाली गेरूसारखा तांबडा अ‍ॅक्रेलिक अगदी पाणीदार करून द्या. ब्रश नसेल तर बांबूच्या काडीचं टोक चावून किंवा ठेचून मऊ करा, आमच्याकडे त्यानेच काढतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर-कापडावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, मग लाकडावर का नको. फक्त तारप्याचा गोल (तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसं) अरुंद जागेत कोंबू नका, माणसं एकामागे एक ओळीने नाचत वरच्या टोकाकडे जाताना काढा. आणि त्या पोरांकडूनच काढून घ्या की दोन-दोन माणसं!

सातपुडा_पायथा:
आमच्या नंदुरबारकडे भिल्लांची धनुष्यं बांबूची असतात आणि दोरीच्या जागीही बांबूची कामटीच असते. लहानपणी एक हातात धरलं होतं, ते अजून आठवतं, काही चिकटवलेलं नाही तरी बघत राहावं असं. सजवताना एक बघा, मुठीच्या वर जिथून बाण घासून जातो त्या बाजूला आरसा, मणी काही ठेवू नका, बाणाची पिसं फाटतात. तिथे जुन्या पर्सच्या चामड्याचा तुकडा लावा.

चिंचेचा_पार:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल एकाला मुठीवर हिरवा-पिवळा दोरा, बाणाच्या जागेला आजीच्या बटव्याचं चामडं, प्रत्यंचेवर लाल पुंजके. तीस-चाळीस बाण मारून पाहिले, काही हललं नाही आणि आवाज खरंच निम्मा झाला. खर्च पंचाऐंशी रुपये. वारलीसाठी रविवारी पोरांना बोलावलंय, अजून पाच धनुष्यं उघडी आहेत.

सुईदोरा:
फोटो टाका हं दादा! आणि पोरांना देताना सांगा, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कितीही सजवलं तरी त्याने धनुष्य फुटतं.