मसाल्याचा ट्रेडमार्क: नाव, चित्र की पाकीट, आधी काय नोंदवावं?

नमस्कार मंडळी, आम्ही अमळनेरचे. सासूबाई आणि मी मिळून काळा मसाला, शेवभाजीचा मसाला आणि कळण्याचं पीठ विकतो. हल्ली धुळ्या-जळगावच्या दुकानांतही माल जातो. तिथेच एका दुकानात आमच्यासारखं पाकीट दिसलं. तोच हळदी रंग, तसाच लाल काठ, नाव तेवढं वेगळं. सासूबाईंना फार लागलंय ते.

ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेत, त्यात मसाले आणि पीठ दोन्ही वर्ग 30 मध्येच येतात, ते बरं आहे. ऑनलाइन अर्जाला एका व्यक्तीला दर वर्गामागे 4,500 रुपये फी. पण नाव, चित्र, घोषवाक्य यांचे वेगवेगळे अर्ज करायचे म्हटलं की खर्च वाढतो. सध्या दोन अर्जांपुरतेच पैसे बाजूला काढलेत.

पाकिटावर वर नाव आहे, सासूबाईंना माहेरी मारायचे त्या हाकेचं (अजून नोंदलेलं नाही म्हणून इथे लिहीत नाही). त्याखाली 'खान्देशी काळा मसाला', मग पाट्यावर वरवंटा फिरवणाऱ्या हातांचं चित्र आणि तळाशी अहिराणीत घोषवाक्य, 'खाईसन दखा' (खाऊन बघा).

मला वाटतं पहिला अर्ज नुसत्या नावाचा करावा, शब्दचिन्ह म्हणून. उद्या अक्षरांचं वळण बदललं तरी हक्क राहतो. 'खान्देशी' आणि 'काळा मसाला' हे शब्द प्रदेशाचं आणि मालाचं वर्णन करणारे, ते सहसा कुणा एकाला मिळत नाहीत. मिळूही नयेत, आपल्याकडच्या कितीतरी बाया त्याच शब्दांवर धंदा करतात. एजंट म्हणतात, अख्ख्या पाकिटाचा एकच अर्ज टाका, सगळं त्यात येतं. मला ते पटत नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे हक्क अख्ख्या चिन्हावर मिळतो, त्यातल्या सुट्या तुकड्यावर आपोआप नाही.

अडलंय ते दुसऱ्या अर्जापाशी. हातांचं चित्र काळ्या-पांढऱ्यात दिलं तर ते सगळ्या रंगांत धरलं जातं, पण आमची नक्कल झाली ती रंगांची आणि काठाची. मग रंगांसकट पाकीट नोंदवावं का? आणि नाव देवनागरीतच द्यावं की रोमन अक्षरांचाही अर्ज लागेल? घोषवाक्य तूर्त थांबवलं तर चालेल ना?

ज्यांनी स्वतः खाद्यपदार्थांचा ट्रेडमार्क घेतलाय त्यांनी कृपया सांगा. अर्ज तपासून ट्रेडमार्क कार्यालय जो परीक्षण अहवाल देतं, त्यात नेमकी कशावर हरकत आली होती, तेही लिहा.